अजगराच्या पाठीतलं पाणी

टेबलावर अजगर होता आणि त्याचा शेपटीकडचा भाग हलत नव्हता. जवळा बाजार गावालगतच्या तांड्यावर ट्रॅक्टरचं चाक पाठीवरून गेलेलं. रामधन राठोडांनी लोकांच्या काठ्या अडवल्या, त्याला पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवरून आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. वनरक्षकालाही त्यांनीच बोलावलं.

“वाचंल ना साहेब? तांडा हसून राहिलाय. म्हणतेत, रामधननं सोयरा आणला. हे जगलं तर पुढच्या टायमाला मारायचे न्हाईत.”

“बघू.”

मार लागलेल्या जागी सूज होती. मज्जारज्जूभोवती एक पाणी असतं. सुजेमुळे त्याचा दाब वाढला असेल, थोडं काढून टाकू, असं मी ठरवलं.

“सर, नांदेडला सापांचे डॉक्टर आहेत. फोन लावू का?” वनरक्षकानं विचारलं.

“कशाला? मणके रोज बघतो मी.”

बघत होतो ते गाई-म्हशींचे. त्यांना कमरेच्या मागे सुई घालतात, कारण मज्जारज्जू तिथे संपत आलेला असतो. मी तशीच जागा शोधली. सापाला ती नसते. त्याचा मज्जारज्जू शेपटीत टोकापर्यंत जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे पाणी मणक्यामणक्यातून निघणाऱ्या नसांच्या कडेनं झिरपतं, बाहेरच्या शिरांत आणि लसीकावाहिन्यांत मिसळतं. अंगाच्या हालचालीनं त्याला रेटा मिळतो. हे सगळं मी नंतर वाचलं.

पहिल्यांदा सुई घातली तेव्हा रक्त आलं. तिथेच थांबायला हवं होतं. राठोड बघत होते म्हणून मी सुजेच्या पुढे, डोक्याकडे, पुन्हा टोचलं. सुई मज्जारज्जूत घुसली. अजगरानं एक पीळ घातला आणि तो सैल पडला. साप बरगड्यांच्या स्नायूंनी श्वास घेतो. त्या बरगड्या हळूहळू थांबल्या.

“काय झालं साहेब?”

“पोत्यात कोंबून आणलं तुम्ही. त्यानंच मणका तुटला.”

राठोड पोत्याकडे बघत राहिले. “माझ्याच हातानं व्हय,” एवढंच म्हणाले. वनरक्षकानं सुई पाहिली होती. पण साहेब माणसाला कोण बोलणार?

पुढच्या वर्षी त्याच तांड्यावर लोकांनी दुसरा अजगर मारला. पंचनाम्यानंतर शवविच्छेदनाला मी गेलो. राठोड गर्दीत उभे होते.

“मला फोन का केला नाही?” मी विचारलं.

“तुमीच म्हणले ना साहेब, आमी आणलं की मरतं. मग इथंच मेलेलं काय वाईट?”

तेव्हाही मी खरं बोललो नाही. मान खाली घालून डोकं ठेचलेल्या अजगराची लांबी मोजली.

अनोळखी जनावराला सुई लावण्याआधी फोन करावा, हे मी नव्या डॉक्टरांना सांगतो. फोन का केला नव्हता, ते आज पहिल्यांदा लिहिलं. राठोडांना सांगायचं अजून बाकी आहे.