उसासारखे पुरलेले डोळे

लेक नोकरीसाठी थंड देशात गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे तिच्या दारात पिओनी फुलते. कोबीच्या गड्ड्याएवढं गुलाबी फूल, पाकळ्यांवर पाकळ्या. मागच्या खेपेला तिने कुठल्याशा डोंगरातल्या रोपवाटिकेतून पिओनीचा कंद मागवून दिला आणि जाताना म्हणाली, "आई, कुंडीत हे फुलवून दाखव. फुललं की त्याच दिवशी तिकीट काढते." ती थट्टेत बोलली. मी मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

सोलापुरात पिओनी! कंदाला थंडी लागते म्हणून डिसेंबरात रोज संध्याकाळी फ्रिजमधला बर्फ कुंडीत घालायचे. शेजारीण कठड्यावरून म्हणायची, "अवो बाई, झाडाला सर्दी हुईल की!" तिचंही बरोबर होतं. आमच्याकडे स्वेटर कपाटाबाहेर येतो तो फक्त घडी बदलायला.

दोन वर्षं नुसती पानंच आली. मी तर झाडावर रुसलेच. शेवटी लेकीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "कंद लावला कुणी?"

लावला होता ह्यांनी. हे श्रीपूरचे, सगळी हयात साखर कारखान्याच्या उसात गेली. कंदावरच्या गुलाबी कोंबांना डोळे म्हणतात हे कळल्यावर ह्यांनी तो उसाच्या कांडीसारखा चांगला खाली पुरला आणि वर माती दाबली. "डोळा तो डोळा, उसाचा काय नि ह्याचा काय. उघडा ठिवला तर वाळंल की!"

लेक हसून हसून लाल झाली. "आप्पा, वर दोन बोटं माती पुरे. खोल गेला की नुसती पानं देतो."

पावसाळा सरल्यावर ह्यांनी कंद उकरला आणि रुंद कुंडीत, तळाच्या भोकावर खापरी ठेवून, डोळे वर करून पुन्हा लावला. फेब्रुवारीत बोराएवढी कळी आली. हे जाता-येता तिच्यापाशी थांबायचे. मी लेकीची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं. माझं मलाच हसू आलं, पण पलंगावर घातलेली गादी उचलली नाही.

मार्च लागला आणि ऊन पेटलं. ह्यांनी कुंडी घरात आणून कूलरसमोर ठेवली आणि स्वतः पंख्याखाली बसले. तरी कळी तपकिरी झाली, वाळली.

"पोरीला सांगू नगंस," हे म्हणाले. "कळी हाय, एवढंच सांग." लेकीची आठवण येते, असं हा माणूस जन्मात कधी म्हणाला नव्हता.

रविवारी तिचा फोन आला. "आई, फुललं का?"

कळी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "वाळली गं. तू तशीच ये. मला तुला बघायचंय."

तेवढ्यात माझ्या मागून हे ओरडले, "हितं लई ऊन हाय म्हणावं! पन ये."