डब्यातली कंपनी

आमचं सुदुंबऱ्यातलं वर्कशॉप बारा वर्षं रोज संध्याकाळी आबांच्या जेवणाच्या डब्यातून घरी जायचं. आबा गेटवरचे दिवसपाळीचे वॉचमन. सगळी ड्रॉइंगं ऑफिसातल्या सर्व्हरवर होती आणि त्यांची नक्कल मी एका हार्डडिस्कवर घ्यायचो. आग लागली, वीज पडली, तर निदान ती तरी बाहेर असावी म्हणून आबा ती घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. डबा धुऊन कोरडा करायचा, डिस्क फडक्यात गुंडाळून आत ठेवायची आणि निघताना म्हणायचं, "निघालो कंपनी घेऊन."

घरी तिची जागा तांदळाच्या कोठीत. आमच्याकडच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. मी हसलो तेव्हा आबा म्हणाले, "इंद्रायणी तांदूळ वरीसभर ऱ्हातोय तितं, तुमचं यंत्र न्हाई का ऱ्हायचं?" राहिलं. सकाळी फडक्यातून दोन-चार दाणे पडायचे, एवढंच.

मग मालकांनी सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं आणि मी जरा शेफारलोच. पाच वर्षांत कुणी न उघडलेल्या फायली कचरा समजून मागे ठेवल्या आणि सर्व्हर पुसून भंगारात दिला. आमच्या शेडची रीत काही मला आठवली नाही. जे ड्रॉइंग बिनचूक ठरलं, त्याचा कागद लॅमिनेट करून मशीनपाशी टांगायचा आणि फायलीला पुन्हा हात लावायचा नाही, अशी ती रीत. म्हणजे मी टाकला तो आमचा सगळ्यात भरवशाचा माल होता.

दोन महिन्यांनी शेडचा पत्रा गळला. टांगलेल्या कागदांत पाणी शिरून आकडे पुसले गेले आणि मोठ्या गिऱ्हाइकाचं काम बंद पडलं. क्लाउडवर ती ड्रॉइंगं नव्हतीच. नोकरी गेली असं धरून मी गेटवर येऊन बसलो आणि आबांना सगळं सांगितलं.

आबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "डिस्कवर आसंल की. घरी हाय, कोठीत."

ती अजून घरी कशी, हे मी विचारलं.

"शेवटची दिलीत, मग चार सकाळी आणली, कुनी मागितली न्हाई. आणा म्हटलं न्हाई कुनी, म्हणून ठिवली."

दोन महिने मी त्याच गेटातून येत-जात होतो. त्यांचं बारा वर्षांचं काम संपलं, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

आबा सायकलवरून जाऊन अर्ध्या तासात डिस्क घेऊन आले. ड्रॉइंगं मिळाली, माझी नोकरी राहिली. संध्याकाळी धुतलेला डबा हातात घेऊन ते ऑफिसच्या दाराशी उभे. "आता न्यायची का हितंच ऱ्हाऊ द्यायची?"

आता क्लाउडवर सगळं चढलं होतं. मी डिस्क पुढे केली. "न्या, आबा."

गेल्या वर्षी आबा गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने, मावशींनी, कोठीत कोपरापर्यंत हात घालून डिस्क काढून दिली. मी ती ऑफिसात नेली नाही. आमच्या तांदळाच्या डब्यात आहे. ही कशाला इथे, असं बायको विचारते. मी सांगतो, आणा म्हटलं नाही अजून कुणी.