सासऱ्यांना हरवायचा हंगाम

हंगाम संपला की सायकलवाले आढावा घेतात. काय ठरवलं होतं, काय झालं, कुठे माती खाल्ली. शहाणी माणसं हे मनातल्या मनात उरकून घेतात आणि चहा पितात. आपल्या चष्मेवाल्याला यंदा ती सोय नव्हती. त्याचा आढावा सासूबाई घेणार होत्या, आणि सासूबाई म्हणजे आयुष्यभर हॉस्पिटलात मुख्य सिस्टर राहिलेल्या. पेशंटनं गोळी गिळली की गालात लपवली हे त्या दारातून ओळखायच्या. अशा बाईसमोर बसून ‘तसा हंगाम बरा गेला’ म्हणायला छाती लागते. चष्मेवाल्याची छाती तशी बेताचीच होती.

चष्मेवाला म्हणजे बाजारातल्या दुकानात चष्मे बसवून देणारा माणूस. दिवसभर लोकांच्या नाकांशी आणि कानांशी त्याचा संबंध. खेळाशी काडीचा नाही. पण लग्न झालं, आणि पहिल्याच रविवारी शेजारच्या गल्लीत राहणारे सासरे सायकल घेऊन दारात हजर. म्हणाले, “चला जावईबापू, जरा पाय मोकळे करून येऊ.” त्या दिवशी जावईबापूंचे पाय इतके मोकळे झाले की जिना चढायला बायकोचा खांदा धरावा लागला. पुढच्या रविवारी सासरे पुन्हा हजर. नाही म्हणायचं कसं? नवीन जावई. मग सवय लागली, मग गोडी लागली, आणि बघता बघता दोघंही गावच्या सायकल मंडळाच्या शर्यतींत उतरायला लागले. सासरे पुढे असायचे. जावई कुठे आहे हे बहुधा कोणालाच माहीत नसायचं.

सासरे लिफ्ट दुरुस्त करणारे. “जन्मभर वरखाली केलं,” ते म्हणायचे, “आता जरा सरळ जाऊ द्या.” निवृत्त झाल्यापासून सरळ जायचं खूळ असं चढलं होतं की गेल्या हंगामात ते एका सरळ रस्त्यावरून सरळ खड्ड्यात गेले. गळ्याजवळचं हाड मोडलं. सासूबाईंनी शब्द न बोलता पट्टा बांधला, आणि ती शांतता घरात सगळ्यांना ओरडण्यापेक्षा भारी पडली. हाड जुळलं. गृहस्थ परत सायकल पुसायला लागले. तेव्हा मात्र त्या टेबलावर हात ठेवून बोलल्या. “रविवारी सकाळी फोन वाजला की उचलण्याआधी मी पट्टा शोधते. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मला हे आता सोसत नाही. कधी थांबणार तुम्ही?”

सासऱ्यांनी चौफेर बघितलं. सुटकेची वाट कुठे दिसेना. मग त्यांची नजर जावयावर पडली आणि चेहरा उजळला. म्हणाले, “ज्या दिवशी हे मला हरवतील, त्या दिवशी सायकल भिंतीला टांगीन. शब्द देतो.”

त्यांना वाटलं, जन्मभराची सोय झाली.

पण सासूबाई सिस्टर. हातात जो पेशंट येईल त्याला उभं करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून जावयाचा वॉर्ड सुरू झाला. सकाळी उकडलेली अंडी, संध्याकाळी नाडी, रात्री लवकर दिवे बंद. बायकोनं भांडी घासण्यातून त्याला सूट दिली, जी लग्नानंतर तापातही मिळाली नव्हती. ती म्हणाली, “तू फक्त सायकल चालव. आईला झोप लागली पाहिजे.” सगळं घर त्याच्या मागे उभं राहिलं, आणि त्यामुळे त्याला पळून जायला जागा उरली नाही. गंमत म्हणजे त्याच्या सायकलीची देखभाल सासरेच करायचे. साखळीला तेल, ब्रेकला नवीन रबर. “हरवायचं तर नीट हरवा,” असं म्हणत ते मनापासून नट आवळायचे.

आता हंगाम कसा गेला ते ऐका, आणि हसायचं असेल तर हसा, मी काही अडवत नाही.

पहिल्या शर्यतीसाठी त्यानं स्वतःच्या दुकानात स्वतःसाठी खास चष्मा बनवला. कानापर्यंत वळलेला, वाऱ्याला अडवणारा, दिसायला झकास. अशा वळलेल्या काचेत नंबर घातला की कडेनं जग वाकडं दिसतं, हे तो रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. स्वतःला सांगायचं राहून गेलं. सरळ रस्त्यावर त्याला डावीकडे एक वळण दिसलं. तो वळला. वळण नव्हतं, फर्निचरच्या दुकानाची पायरी होती. दुकानदार चांगला माणूस, त्यानं बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या शर्यतीत त्यानं डोकं वापरायचं ठरवलं. सायकलीच्या शर्यतीत पुढच्याच्या चाकाला चाक लावून राहिलं की वारा तो खातो आणि आपली ताकद वाचते. चष्मेवाल्यानं एक रुंद पाठीचा माणूस निवडला आणि त्याच्यामागे मुंगळ्यासारखा चिकटला. मान खाली, नजर त्या चाकावर. चाक उजवीकडे गेलं, हा गेला. चाक गल्लीत शिरलं, हा शिरला. असा हुशार गडी पुढे बघून मागचेही पाच-सहा जण याच्यामागे लागले. शेवटी ते चाक एका फाटकातून आत गेलं आणि थांबलं. रुंद पाठीचा माणूस मागे वळून दचकला. त्याच्या पोटात कळ आली होती आणि तो शर्यत सोडून घरी आला होता. अंगणात सगळी वरात उभी. त्याच्या बायकोनं सगळ्यांना पाणी दिलं, पण तिच्या चेहऱ्यावर काही माया नव्हती.

तिसरी शर्यत गोदामांच्या भागात, गोल गोल फेऱ्यांची. तिथे मात्र चमत्कार झाला. सासऱ्यांची साखळी उतरली आणि ती चढवेपर्यंत जावई खरंच पुढे निघून गेला. ऊर फुटेपर्यंत पायडल मारलं, रेषा ओलांडली, दोन्ही हात आकाशात उचलले, डोळ्यांत पाणी आलं. लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात शेजारून सासरे गेले आणि जाता जाता प्रेमानं म्हणाले, “जावईबापू, अजून एक फेरी आहे.” लोक हसत होते, टाळ्या त्यासाठी होत्या.

त्या रात्री सासूबाईंनी नाडी बघितली आणि हात सोडून दिला. म्हणाल्या, “नाडी चांगली आहे. बाकी मी काय करू?” बिचाऱ्याला फार लागलं ते. दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यानं पायडलला खटकन अडकणारे बूट विकत घेतले. खऱ्या खेळाडूंचे. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची, एवढंच काय ते कौशल्य.

आता उरली शेवटची शर्यत.

आढाव्याच्या दिवशी घरातली चौघं टेबलाशी बसली होती. सासऱ्यांची सायकल भिंतीवर टांगलेली होती. हो, टांगलेली. कारण शेवटची शर्यत जावयानं जिंकली होती. म्हणजे सगळी शर्यत नव्हे, सासऱ्यांपुरती. बेकरीवाला रेषेवर पंच होता आणि त्यानं निकाल दिला होता. आठवडाभर सासूबाई गाढ झोपल्या होत्या. सासरे आठवडाभर वर्तमानपत्र वाचत होते, आणि आत्ताही तेच उघडून बसले होते, बराच वेळ एकच पान.

“मग,” सासूबाई म्हणाल्या, “ठरवलं ते केलंत जावईबुवा. शाबास. कसं केलंत तेवढं सांगा, म्हणजे झालं.”

चष्मेवाल्यानं घोटभर चहा घेतला. बायकोकडे बघितलं. ती शर्यतीच्या दिवशी रेषेवर पाण्याची बाटली घेऊन उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं, आणि नेमकी आत्ता ती छताकडे बघत होती.

“जोर लावला,” तो म्हणाला.

“गालात काय लपवलंय?” सासूबाईंनी विचारलं.

संपलं. त्यानं कप खाली ठेवला आणि सगळं ओकून टाकलं.

झालं होतं असं, की शेवटच्या सरळ रस्त्यावर दोघं अगदी जोडीनं आले. चष्मेवाल्याच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं. रेषा समोर दिसत होती. बाजूला सासरे, घामानं निथळलेले, तोंडानं धाप टाकत, आणि चेहरा असा खूश की बघत राहावं. आणि याच्या मनात आलं, आपण आता पुढे गेलो तर हे उद्यापासून बंद. रविवारी दारात कोण येणार? दुकानात गिऱ्हाइकं येतात, चष्मा घेतात, जातात. ‘चला जावईबापू’ म्हणणारा या जगात एकच माणूस होता. त्याची बोटं ब्रेकवर कधी गेली ते त्यालाच कळलं नाही.

“मी ब्रेक दाबला,” तो म्हणाला. “मला त्यांना हरवायचं नव्हतं, आई. मला रविवारी एकट्याला जायचं नव्हतं.”

“ब्रेक दाबलात तर जिंकलात कसे?”

“कारण बाबांनीही दाबला,” बायको छताकडे बघतच म्हणाली.

खरं होतं ते. हा हळू झाला, तर तेही हळू. हा आणखी हळू, तर ते आणखी. मागून चार जण वळसा घालून निघून गेले, शेवटचा तर शिट्टी वाजवत गेला. रेषेच्या अलीकडे दोघं जवळजवळ उभेच राहिले, अरुंद दारात समोरासमोर आलेल्या पाहुण्यांसारखे. तुम्ही व्हा पुढे. छे, तुम्ही. बेकरीवाला झेंडा धरून धरून कंटाळला. आणि मग चष्मेवाल्याची सायकल पूर्ण थांबली. थांबलेल्या सायकलीवरून पाय खाली टेकवावा लागतो. पाय तर पायडलला अडकलेला, आणि ऐन वेळी टाच बाहेर फिरवायची की आत हेच त्याला आठवेना. तो हळूहळू, अगदी निवांत, कलला आणि सायकलीसकट आडवा झाला. पुढचं चाक नेमकं रेषेवर जाऊन पडलं. बेकरीवाल्यानं वाकून बघितलं. माणूस सायकलीवर होता, चाक रेषेवर होतं. त्यानं झेंडा खाली केला.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळल्या. “तुम्ही का थांबलात हो? तुम्हाला तर पुढे जायचं होतं.”

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. त्याच्यामागूनच आवाज आला, “तू झोपत नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे शब्द तर दिलेला. हे काही मला हरवणार नाहीत, हे मला साखळी उतरली त्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, आपणच हरून टाकू. शनिवारी रात्री तू खिडकीशी उभी असतेस, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला? पण हे गृहस्थ पुढे जातील तर शपथ. माणसानं हरायचं तरी किती हळू?”

सासूबाईंनी पुढ्यातला कप उगाच सरळ केला, मग परत वाकडा केला. आयुष्यभर लोकांची दुखणी बघितलेली बाई, पण डोळे भरून आले की काय करतात ते त्यांना आठवेना. शेवटी पदर न शोधता त्यांनी जावयाचाच रुमाल ओढून घेतला.

“आठवडाभर हे पान उलटत नाहीत,” त्या नाक पुसत म्हणाल्या. “मी झोपते आणि हे जागे असतात. याला काय अर्थ आहे? काढा ती खाली.”

सासऱ्यांनी वर्तमानपत्र अर्धं खाली घेतलं. “काय?”

“सायकल. काढा खाली. पण एकट्यानं जायचं नाही, शर्यतीतही नाही.” मग त्या जावयाकडे वळल्या, आणि आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. “आता पुढच्या हंगामाचं नीट ऐका. तुम्हाला जिंकायचं नाही. हरवायचं नाही. तुम्ही फक्त यांच्या मागे राहायचं. अगदी मागोमाग, हे दिसत राहतील इतक्या जवळ. वळणावर, चढावर, कुठेही नजरेआड होऊ द्यायचं नाही. तुम्ही मागे आहात हे माहीत असलं की मला झोप लागेल. एवढं जमेल ना?”

सासरे एव्हाना खुर्चीवर चढून सायकल उतरवत होते आणि चाकातली हवा दाबून बघत होते, पंचवीस वर्षांच्या पोराच्या उत्साहानं. बायको नवऱ्याकडे बघत होती, डोळ्यांत कौतुक. सासूबाई उत्तराची वाट बघत होत्या.

चष्मेवाल्याला दरदरून घाम फुटला. सासरे मुद्दाम रेंगाळले ती शेवटची शर्यत सोडली, तर गेली कित्येक वर्षं पहिल्या चढाच्या पहिल्या वळणापुढे त्याला सासऱ्यांची पाठ दिसलेली नव्हती. हरवणं एकवेळ आडवं पडून जमलं होतं. मागे राहायचं तर आता खरोखर सायकल चालवावी लागणार होती.