दरवाजा उघडला की उठायचं

वहिनीसाहेबांनी पिक्चर पुष्कळ पाहिले, शेवट मात्र एकाच पिक्चरचा पाहिला. बँक फोडण्याचे इंग्रजी पिक्चर त्यांना प्रिय. अंधाऱ्या गल्ल्या, रुमालाने तोंड बांधलेली माणसं, बंदुका, पटापट पडणारी प्रेतं. पडद्यावर तिजोरीचं मोठं चक्र फिरायला लागलं की त्या पदर सावरून खुर्चीच्या कडेवर येत. चक्र थांबे, तो वीतभर जाडीचा दरवाजा हळूहळू उघडे, आणि आतलं काही दिसायच्या आत त्या उभ्या राहत. "चल रे. झालं." मागचे लोक ओरडत. डोअरकीपर काकुळतीला येऊन म्हणे, "माताजी, असली मजा तो अब आएगा!" त्या म्हणत, "तुम्हारी मजा तुम देखो भिया. हमारा दरवाजा खुल गया."

हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. मला राग येतो, आणि कोणावर ते मी इथे सांगणार आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, हा नियम ज्यांच्या सोयीचा असेल त्यांनी पाळावा.

मध्यभारत प्रांताचे दिवस होते. संस्थान गेलं होतं आणि इंदुरातली जुनी दरबारी घराणी मागच्या दाराने सामान विकत होती. पुढच्या दाराने विकायची लाज वाटे. ते सामान घेणारा मी. आई गिरणीत कामाला, वडील लवकर गेलेले. हातगाडीवर रिकाम्या बाटल्या गोळा करता करता मी जुन्या फर्निचरचं दुकान टाकलं होतं, मागे दोन खोल्या, वर माळा. सगळ्यांत जास्त माल यायचा तो रावसाहेबांकडून. ते दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. सिमरोलकडची इनामाची जमीन गेली होती, ऐट शिल्लक होती. मला ते अंगणात उन्हात उभं करायचे. "कबाडी आलाय, काढा रे ते कपाट बाहेर." माझं नाव त्यांना ठाऊक होतं. तोंडातून कधी काढलं नाही.

वहिनीसाहेब म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची विधवा. त्या घराचा सगळा स्वयंपाक त्यांच्या अंगावर. मला पाणी त्याच आणून देत आणि हळूच म्हणत, "सावलीत हो रे. भिंत काही बाटत नाही."

रविवारी दुपारी छावणीतल्या टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर लागे. एकदा तिकिटाच्या खिडकीपाशी पाहतो तर वहिनीसाहेब. डोक्यावरून पदर, मुठीत सुटे पैसे.

"तुम्ही इथे?"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "घरी सांगितलंय, कथेला जाते म्हणून. तू बोलशील?"

"न बोलण्याचं काय द्याल?" मी चेष्टेने म्हटलं.

त्यांनी चेष्टा केली नाही, सरळ सौदा केला. "उद्या तुला दिवाणखान्यातला आरसा दाखवणार आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात तडा आहे, वर चौकटीचा रंग फासलाय. नखाने खरवडून बघ."

बघितलं. तडा होता. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. तिकीट मी काढायचं, रावसाहेबांच्या मालातली खोट त्यांनी सांगायची. कोणत्या पलंगाला वाळवी, कोणत्या घड्याळाचं यंत्र बदललेलं. रावसाहेब चक्रावून जात. "या कबाड्याला दिसतं कसं?" म्हणत.

पहिला पिक्चर त्यांनी चुकून पाहिला होता. पौराणिक लागलाय असं ऐकून गेल्या, तोवर आठवडा बदलला होता. त्यानंतर पौराणिक पाहिला नाही. घरी जाऊबाई विचारत, "आज कथेत काय झालं?" तर या सांगत, "गड फुटला. राक्षस फार माजले होते हो." जाऊबाई भक्तीने हात जोडत.

मी एकदा विचारलं, "इंग्रजी काही कळतं का तुम्हाला?"

"बिलकुल नाही. त्यात कळायचं काय? एकाकडे बंदूक आहे, एकाकडे नाही."

"एवढी खुनाखुनी बघवते?"

कृष्णपुऱ्याच्या पुलावर येऊन त्या कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "तिथे गोळी लागली की माणूस पडतो. सगळ्यांना दिसतं की मारलं. घरात मारलेलं माणूस पडत नाही रे, संध्याकाळच्या पोळ्यांना लागतं."

खुनाखुनीत त्यांना एकच गोष्ट खपत नसे. दरोडेखोर आधी दारावरच्या पहारेकऱ्याला मारत, तेव्हा त्या मोठ्याने म्हणत, "अरे, त्याचा काय कसूर? तो पगारी माणूस!" दर वेळी म्हणत. आसपासचे लोक आता त्यांच्याआधी म्हणायला लागले होते.

आणि दरवाजाचं कारणही एका रविवारी कळलं. लग्नातले त्यांचे दागिने, आईने दिलेल्या पाटल्या, गोठ, चंद्रहार, नवऱ्याने एका लाकडी पेटीत घालून, लाखेची मोहोर करून इथल्याच एका बँकेत ठेवायला दिले होते. कागदावर नावं दोघा भावांची. नवरा गेल्यावर यांनी पेटी मागितली. रावसाहेब म्हणाले, "तुम्हाला आता दागिन्यांचं काय काम? सुरक्षित आहेत." दर दिवाळीला मागत, दर दिवाळीला तेच उत्तर.

"पेटी हाती आली ना, की दुसऱ्या दिवशी त्या घरात मी चूल पेटवणार नाही," त्या म्हणाल्या. "एक खोली घेईन. शिवणाचं मशीन घेईन. पिक्चरात तो दरवाजा उघडतो तेव्हा मला वाटतं, आत माझी पेटी आहे. मग ते लोक नोटांचे गठ्ठे काढतात आणि मजा जाते. म्हणून उठते."

मी तापट माणूस. मला झोप लागेना. दागिने माझे नव्हते, पण अंगणातलं ऊन माझं होतं.

संधी लवकरच आली. रावसाहेबांनी बग्गी काढली. विकण्यासारखं तेच शेवटचं उरलं होतं, आणि लग्नाच्या वरातींसाठी बग्गी हवी असलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे तयार होतं. त्यांनी अवाच्या सवा भाव सांगितला. मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. म्हटलं, "दिला. पण आधी वहिनीसाहेबांची पेटी सोडवायच्या कागदावर सही करा."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. एका कबाड्याने घरातल्या गोष्टीत तोंड घालावं! पण त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पेन मागवलं आणि सही केली. सौद्यात समोरचा इतक्या सहज कबूल झाला की माल पोकळ असतो. सहीची शाई वाळायच्या आत मला कळलं.

वहिनीसाहेबांजवळ मी हे बोललो नाही. त्या नवं पातळ नेसून बँकेत आल्या. बाकावर बसून जाळीतून आत पाहत होत्या. जमादाराने, म्हणजे तिजोरीच्या खोलीवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने, मॅनेजरच्या देखत किल्ली लावली, चक्र फिरवलं. खरोखरीचा दरवाजा उघडला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "पिक्चरातला जास्त जाड असतो रे." लहान मुलीसारख्या हसल्या.

पेटी टेबलावर आली. मी लाखेला नख लावलं. जुनी लाख ठिसूळ होते, भुकटी पडते. ही चकचकीत होती, नख उमटलं.

"पावतीवर सही करू नका!" मी ओरडलो. "मोहोर नवी आहे! पेटी उघडलेली आहे!"

मॅनेजर उठला. त्याने ना मोहोर पाहिली, ना कागद. तो सरळ जमादाराकडे वळला. "क्यों बे, चाबी किसके पास रहती है?" म्हाताऱ्याने हात जोडले. "हुजूर, रावसाहब खुद आए थे, आपने ही तो..." "चुप! पुलिस को बुलाता हूँ, फिर बोलना."

वहिनीसाहेबांनी जमादाराकडे पाहिलं. मग टाक उचलला आणि पावतीवर सही केली.

"काय करताय हे!"

"आधी तोच मरेल," त्या म्हणाल्या. "दर वेळी तोच मरतो. चल."

मी रस्ताभर त्यांच्याशी भांडलो. जमादाराचं काय व्हायचं ते झालं असतं, मी त्या मॅनेजरला आणि रावसाहेबांना कोर्टात उभं केलं असतं. आजही मला तसंच वाटतं. त्या पेटी छातीशी धरून पुढे चालत होत्या.

पेटी आम्ही माझ्या दुकानात फोडली. आत जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. पेटी हलकी लागू नये म्हणून.

वहिनीसाहेब त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अरे, हा आमचा बत्ता. हा हरवला म्हणून जाऊबाईंनी मला चार लोकांत भिकारड्या घरची म्हटलं होतं. वरवंट्याने कुटतेय मी तेव्हापासून." डोळ्यांत पाणी नव्हतं. बत्ता पदरात बांधला आणि म्हणाल्या, "जाते. संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचाय."

पुढच्याच आठवड्यात गणपती बसले. आमच्या भागातल्या मंडळात रावसाहेबांचं व्याख्यान होतं, अध्यक्षही तेच. विषय, तरुण पिढीचं चारित्र्य. गळ्यात हार, पांढराशुभ्र कोट. म्हणाले, या दरोड्यांच्या इंग्रजी पिक्चरांनी आपल्या मुलांची मनं नासवली आहेत, रक्तपात बघून टाळ्या पडतात, कुलीन घरच्या बायकासुद्धा तिथे जातात असं ऐकतो. हे खेळ बंद करावेत असा अर्ज सरकारकडे जाईल, सर्वांनी सह्या कराव्यात.

बायकांच्या बाजूने आवाज आला, "भाऊजी, एक बोलू?"

वहिनीसाहेब उठल्या, गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आल्या.

"मी बघते ते पिक्चर. तिथले चोर तोंड बांधून येतात. तेवढी लाज त्यांना असते." त्यांनी पदराची गाठ सोडली आणि बत्ता टेबलावर, तांब्याभांड्याच्या शेजारी ठेवला. "हा तुमचा बत्ता. बँकेत राहिला होता."

लोकांना काही कळेना. कोणी हसलं, कोणी "बसा हो बाई" म्हणालं. जाऊबाईंना तेवढं कळलं. त्या तिथूनच ओरडल्या, "अगंबाई, हा तर आपला हरवलेला!" आणि मग तोंडावर हात ठेवून बसल्या. रावसाहेब भांडंभर पाणी प्यायले. म्हणाले, "शोकाने डोकं फिरलंय बिचारीचं. आरती सुरू करा."

आरती सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर रांगेने अर्जावर सह्याही केल्या. त्या सह्या करणारे सगळे चेहरे मला पाठ आहेत. सरकारने त्या अर्जाचं काय केलं कोण जाणे, पिक्चर लागतच राहिले. बत्ता रावसाहेबांच्या घरी परत गेला. चांगली वस्तू कोण टाकतं?

वहिनीसाहेब मात्र परत गेल्या नाहीत. माझ्या दुकानात आल्या. माळ्यावर त्यांच्या दिवाणखान्यातला तो तडकलेला आरसा होता, पलंग होता, सासऱ्यांची आरामखुर्ची होती. सगळ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "अख्खं घर इकडे येऊन पडलंय. मीच तेवढी मागे राहिले होते."

मी म्हटलं, शिवणाचं मशीन घेऊन देतो. "दान नको," त्या म्हणाल्या. "खोट सांगायची नोकरी दे." माझ्या आईच्या खोलीत राहू लागल्या आणि दिवसा दुकानात बसू लागल्या. इंदुरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत त्या हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या. कोणतं कपाट खरं सागवानी, त्यांना बसल्या जागी ठाऊक. सामान विकायला आलेले मोठे लोक त्यांना पाहिलं की दुकानाच्या पायरीवरून मागे फिरत. माझा धंदा बुडत होता आणि मला त्याचा आनंद होत होता.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पिक्चरला गेलो. चक्र फिरलं, दरवाजा उघडला. मी सवयीने उठलो. त्यांनी माझी बाही ओढली. "बैस. आज पुढचं बघू."

पुढे दरोडेखोर एकेक करून मेले. एक जिन्यात, एक मोटारीत. म्होरक्या शेवटी भर पावसात गटारात पडला आणि पोलिसाने त्याच्या हातातून थैली काढून घेतली. दिवे लागले. वहिनीसाहेब जागच्या हलल्या नाहीत.

"सगळे मेले?"

"सगळे."

"माल परत गेला? ज्याचा त्याला?"

"गेला."

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मंडपातसुद्धा त्यांचा आवाज असा चढला नव्हता. "हरामखोर! इतका वेळ खरं दाखवतात आणि शेवटी असं खोटं बोलतात!" डोअरकीपर दारातच थबकला. त्यानंतर त्या मरेपर्यंत दरवाजा उघडला की उठत राहिल्या.

मध्यभारत मोडून नवा प्रांत व्हायच्या आधीच त्या गेल्या. खांदा द्यायला मी, दुकानातले हमाल आणि टॉकीजचा तो डोअरकीपर. रावसाहेबांच्या घरून कोणी आलं नाही. रावसाहेब खूप जगले. मुलंबाळं, नातवंडं, मान सगळं मिळालं. निजलेल्या जागी, झोपेत गेले.

त्यांच्या शोकसभेला मी गेलो होतो. मागच्या रांगेत बसलो. फोटोला हार घातला गेला, पहिला वक्ता उभा राहिला आणि त्याने "निष्कलंक चारित्र्य" एवढे दोन शब्द उच्चारले. मी उठलो. खुर्ची मुद्दाम जोरात सरकवली. शेजारच्याने हात धरला. "बैठो भिया, अभी तो बहुत लोग बोलेंगे."

"बोलू द्या," मी म्हटलं. "पुढचं सगळं खोटं असतं."