आबांचा बांध

आबांचा नेम शेवटपर्यंत चुकला नाही. माझ्या डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण आहे, ती त्यांच्या पितळी तांब्याची. ऐंशी ओलांडलेल्या, कपडे ओले झाल्याचंही भान नसलेल्या माझ्या सासऱ्यांनी तो पलंगावरून फेकला आणि बरोबर लागला. चूक माझीच होती. मी न विचारता बांध ओलांडला होता.

बांध म्हणजे मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आबांच्या खोलीच्या दारात बसवलेली काळ्या ग्रॅनाइटची चार बोटं रुंद पट्टी. इमारत उभी आहे ती निम्मी आबांच्या शेतावर आणि निम्मी त्यांच्या धाकट्या चुलतभावाच्या, बबनच्या. दोघांमधला खरा बांध आता पार्किंगखाली गेलाय. त्या बांधापायी आबांनी तरुणपणी कुदळीच्या दांड्याने बबनचं डोकं फोडलं होतं. "नांगराच्या एका तासाएवढा, ईतभर बांध कोरला त्यानं," ते सांगत, "मी निस्तं डोकं फोडलं. मान ठिवली ना जाग्यावर?" हे सांगताना ते इतके प्रसन्न दिसत, की ऐकणाऱ्याला बबनचाच राग यावा.

विसरायला लागल्यावर आबा आधी बायको गेल्याचं विसरले, मग मुलाचं नाव, मग जमीन विकल्याचं. बबन कधीचा वारला, तेही विसरले. राग तेवढा शाबूत राहिला. पट्टी ओलांडून कोणी आत आलं की काठी बसायचीच. त्यांना सांभाळायला ठेवलेले लातूरकडचे एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी कोपर धरून निघून गेले. "ताई, हे म्हातारं न्हाई, वळू हाय वळू," असं जाता जाता सांगून गेले.

मीही काही देवी नव्हते. अंघोळ घालताना एकदा ते माझ्या दंडाला कडकडून चावले, तेव्हा मी त्यांना असा चिमटा काढला की काळानिळा डाग आठवडाभर राहिला. नवऱ्याला, म्हणजे सुनीलला, सांगितलं की पलंगाची कड लागली. त्या खोट्याची मला अजून लाज वाटते. चिमट्याची रोज वाटत नाही.

सुनील चाकणला कंपनीत आहे. एखाद्या मशीनवर सारखं कुणाला लागायला लागलं की तिथे आधी कारण शोधतात आणि ते काढून टाकतात. त्याने घरात तेच केलं. एका सकाळी थर्ड शिफ्ट करून आला आणि ती पट्टी झाकेल अशी मॅट दारात चिकटवून टाकली. पट्टीच दिसली नाही तर भांडण कशाचं?

आबा उठले, दाराकडे पाहिलं आणि किंचाळले, "बांध गेला! बबन्या, आख्खा बांध गिळला रं!" पहिला टोला सुनीलच्या कानावर बसला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला सुनीलने काठी धरली आणि मोकळ्या हाताने बापाच्या तोंडात ठेवून दिली. आबा पलंगाच्या पायाशी कोसळले. ओठ फुटला, एक दात मॅटवर येऊन पडला. सुनील स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला. "मी बापाला मारलं गं," एवढंच म्हणाला आणि त्याने आळंदी रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाला फोन लावला. सोमवारी घेऊन या, असं तिकडून सांगितलं. मी नको म्हटलं नाही. मला तो सोमवार हवा होता.

आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरची काकी वर आली. काकी म्हणजे त्याच बबनची बायको. नवऱ्याचं डोकं फुटल्यापासून ती आबांच्या समोर आली नव्हती. तिने दात पाहिला, सुनीलकडे पाहिलं, वाकून मॅट टरकन ओढून काढली. मग पट्टीच्या अलीकडे थांबली, पदर डोक्यावर घेतला आणि हाक दिली, "भावजी, बांधावर हुबी हाय. येऊ का वं?"

रक्ताळल्या तोंडाने आबा म्हणाले, "ये. कडंकडंनं ये. पीक तुडवू नगं."

काकी भिंतीच्या कडेकडेने आत गेली आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दुसऱ्याच्या रानात शिरायच्या आदी बांधावरनं हाक द्यावी लागती, पोरी. तुमी चोरावानी शिरताय. मार न्हाई बसायचा तर काय?"

सोमवार आला आणि गेला. आम्ही हाक द्यायला शिकलो. हाक दिली की आबा अंघोळ करून घेत, गोळ्या घेत, कपडे बदलू देत. हाक द्यायला विसरलो की मार ठरलेला. एकदा गॅसवर दूध ठेवून मी घाईने आत शिरले, तोच तो तांब्या. टाके घालून परत आले तर आबा सुनीलला विचारत होते, "ह्या बाईला कुणी मारलं रं?"

ते गेले या उन्हाळ्यात, पण आमचे आबा त्याआधी तीन आठवडे गेले होते. एका दुपारी चहा घेऊन मी माझ्याच नादात सरळ आत गेले, मधोमध, पीक तुडवत. काहीच झालं नाही. लक्ष नसेल, असं वाटून मी बाहेर गेले आणि पाय आपटत पुन्हा आले. आबा माझ्याकडे बघून हसले, पाहुण्याबाईकडे बघून हसावं तसं. इतका मार खाल्ला, पण त्या हसण्याइतकं काही लागलं नव्हतं. मी कोपऱ्यातली काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"आबा, बांध तुडवला मी. मारा ना."

त्यांनी काठी उलटसुलट करून पाहिली आणि अदबीने माझ्यापुढे धरली.

"ही तुमची काठी ऱ्हायली, बाई."