लटारूचे आठ शेर

लटारू खातो ते जातं कुठे, हा आमच्या गावातला जुना प्रश्न होता. ढिवराचा पोरगा, दिवसभर तलावात मासे धरायचा. जेवायला बसला की भाताचा ढीग संपवायचा, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. बाया मुद्दाम वाढून बघायच्या. मीही एकदा समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहिलं. काही उलगडा झाला नाही.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक. पण त्रेपन्न साली शेजारगावच्या कुंतावर त्याचा जीव जडला, तिचाही याच्यावर, आणि तिचा बाप वारलू अडून बसला. त्याचा थोरला जावई असाच वाळत वाळत क्षयाने गेला होता. "हाडाच्या सापळ्याले दुसरी पोरगी काऊन देऊ?" तो म्हणायचा. त्याचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही.

शेवटी लटारूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि वारलूला सांगितलं, "काही माणसं अंगानेच बारीक असतात. एकदा तोलून काय कळणार? ताप-खोकला नाही ना, आणि वजन घटत नाही ना, ते बघा. तीन महिन्यांनी पुन्हा तोला."

दसऱ्याला मूल गावच्या भातगिरणीच्या काट्यावर लटारू एक मण बारा शेर, म्हणजे बावन्न शेर भरला. पुढचं तोलणं संक्रांतीला. मधल्या काळात गावाने सुचवलं ते सगळं त्याने खाल्लं. अंगाला काही लागेना.

संक्रांतीला मी सोबत होतो; वारलू परस्पर गिरणीवर आला होता. लटारू काट्यावर चढला आणि चक्क दीड मण, साठ शेर भरला! हमाल कामं टाकून बघायला आले. मी त्याचा गळा पाहिला, गाल पाहिले, होते तसेच. वारलूने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि कमरेला हात लावला. धोतराखालून फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांची माळ निघाली. असा राग आला मला त्याचा! हातातोंडाशी आलेली कुंता घालवली गाढवाने.

वारलूने माळ काट्यावर टाकली. आठ शेर.

"म्हणजे घटला नाई तू," तो हळूच म्हणाला. "कुठी बांधलं हे?"

"घरीच, मामाजी. वजन घटलं असन म्हून भेव वाटलं."

"पायी आला?"

"हो."

वारलू माझ्याकडे वळला. "चार कोस हे वझं घेऊन? रस्त्यात खोकलला?"

"नाई भाऊ. मलेच त्याच्यामागं पळा लागलं."

वारलू धानाच्या पोत्यावर बसला. "आमच्या जावयाले शेवटी पाण्याचा लोटा उचलत नव्हता रे," म्हणाला आणि दुपट्ट्याने डोळे पुसले. लटारू खाली मान घालून उभा.

मग वारलूने स्वतःच ती माळ उचलून लटारूच्या खांद्यावर टाकली.

"चाल घरी. कुंतानं सकाळपासून घास नाई खाल्ला."