आपण घरी नव्हता

बाइंडरकाका घरी नसतात असं कुणी म्हटलं, तर गल्लीतलं शेंबडं पोरही हसलं असतं. तीस वर्षं हा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून वाचनालयांची फाटकी पुस्तकं शिवतोय. भाजी आणायला आणि सरस आणायला उतरतो, तेवढंच. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर आलेला मेसेज काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. "प्रिय ग्राहक, आमचे प्रतिनिधी जोडणीसाठी आले असता आपण घरी नव्हता. कृपया नवीन वेळ घ्यावी."

काका सकाळी दहापासून दाराकडे तोंड करून बसले होते. डिश बसवायला माणूस दहा ते सहाच्या दरम्यान कधीही येईल, असं कंपनीने कळवलं होतं. म्हणून त्यांनी जेवणसुद्धा दिव्याकडे बघत केलं. दिवा म्हणजे त्यांची घंटी. दाराबाहेरचं बटण दाबलं की खोलीत लाल दिवा लागतो, कारण काकांना ऐकू येत नाही. आठव्या वर्षी ताप आला, आणि ताप गेला तो कान घेऊनच गेला. बोलतात मात्र खणखणीत. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे त्यांनी कुजबुजत सांगितलेलं गुपित तळमजल्यापर्यंत पोचतं.

काकांनी त्या मेसेजला उत्तर पाठवलं, "मी घरीच आहे." लगेच दुसरा मेसेज आला की या क्रमांकावर उत्तरं स्वीकारली जात नाहीत. म्हणजे काका बहिरे आणि कंपनी त्यांच्याहून बहिरी.

एरवी काकांनी हा नाद सोडून दिला असता. टीव्हीचं त्यांना वेड नव्हतं. घरातला मोठा टीव्ही चार वर्षं कापड पांघरून पडला होता. पण मुलीचा निरोप आला होता. "बाबा, पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांना मी आहे. कोपऱ्यातल्या चौकटीत. बघा आणि चुका सांगा."

मुलीला ऐकू येतं. आई जन्माची बहिरी, बाप आठव्या वर्षापासूनचा, त्यामुळे पोर बोलायच्या आधी खुणा करायला लागली. काका तिचे गुरू, आणि गुरू कसला, खडूस. जेवताना पोरीने करंगळी चुकीची वाकवली तरी हा माणूस घास खाली ठेवून ती सरळ करायला लावायचा. "बोट चुकलं की माणूस चुकतो," असं म्हणायचा. बायकोने डोळे वटारले तरी ऐकायचा नाही. आता बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मुलगी दूरच्या शहरात एका वाहिनीवर बातम्या खुणांनी सांगायला लागणार होती. पहिलाच दिवस. चुका सांगायला तिला दुसरं कोण होतं?

मोबाइलवर का बघत नाही, असं खालच्या सलूनवाल्यानेही विचारलं. काकांनी त्याला मोबाइल उघडून तसलीच एक बातमी दाखवली. कोपऱ्यातली चौकट नखाएवढी. त्या नखात बाई, बाईला दोन हात, हातांना दहा बोटं.

"यात करंगळी शोध," काका म्हणाले.

सलूनवाल्याला बाईच सापडेना. तेव्हा त्याने कात्री ठेवली आणि स्वतःच्या फोनवरून कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक बाई बोलली.

"ग्राहकाशी बोलायचंय सर."

"ग्राहकाला ऐकू येत नाही हो. माझ्याशी बोला."

"सॉरी सर, ग्राहकाशीच बोलावं लागतं. त्यांना फोन द्या ना."

सलूनवाल्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाकडे बघून कपाळावर हात मारला, फोन या कानावरून त्या कानावर नेला आणि आवाज जाड करून म्हणाला, "बोला, मी ग्राहक बोलतोय."

"नमस्कार सर. आता ऐकू येतंय ना?"

"आता झकास येतंय," सलूनवाला म्हणाला.

त्याने सगळं लिहून घ्यायला लावलं. फोन करू नका. तिसऱ्या मजल्यावर या. बटण दाबा. बाईने नोंद घेतली, धन्यवाद दिले आणि सोमवार दिला, दहा ते सहा. सोमवारी काका पुन्हा दिव्याकडे बघत बसले. एका कथासंग्रहाची पानं उलटी शिवली गेली आणि सगळी शिवण उसवावी लागली. असं त्यांच्या हातून कधी होत नाही. साडेतीनला खिशातला फोन थरथरला आणि थांबला. काका धावत खिडकीशी गेले, तर कोपऱ्यावरून एक स्कूटर वळत होती आणि मागे पांढरी तबकडी बांधलेली होती. पाठोपाठ मेसेज. "आपण घरी नव्हता." ती नोंद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता काकांना रीत कळली. तो माणूस जिना चढतच नाही. खालून एक फोन करतो, उचलला नाही की ग्राहक घरी नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. राग तर असा आला की त्यांनी पुठ्ठा कापायची सुरी बाजूला ठेवली. आणि रागाच्या खाली भीती होती. पोरगी पहिल्यांदा सगळ्यांसमोर हात उचलणार आणि आपण फडक्याने झाकलेल्या टीव्हीसमोर बसणार. तिला कळवावं, तर ती तिथून फोन करून सगळं सोडवेल. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाचे फोन करत आली होती. दूधवाल्याला, डॉक्टरला, आई गेली तेव्हा नातेवाइकांना. हा एक फोन तिला करायला लावायचा नाही, एवढं काकांनी ठरवलं.

सलूनवाल्याने पुन्हा जाड आवाज काढला. शिल्लक तारीख एकच होती, रविवार.

रविवारी सकाळी पावणेदहाला काकांनी खुर्ची खाली नेली आणि इमारतीच्या दारात मांडली. सोबत कामही नेलं, कारण रिकामं बसणं त्यांना जमत नाही. गळ्यात जाड पुठ्ठा अडकवला होता आणि त्यावर पुस्तकाच्या पाठीवर घालतात तसल्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "डिशचा ग्राहक मीच. फोन करू नये." येणारे-जाणारे वाचून हसत होते. एका आजोबांनी डिश कितीला विकता म्हणून विचारलं.

बारा वाजले, दोन वाजले. सलूनवाल्याने चहा आणून दिला. चार वाजून दहा मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. काकांनी मान वर केली. समोर कुणी नव्हतं. पण पलीकडे, बंद दुकानाच्या सावलीत, स्कूटरला टेकून एक चाळिशीचा माणूस फोन कानाला लावून उभा होता आणि कंटाळून आभाळाकडे बघत होता. काका उठले. इतक्या वर्षांत ते कधी एवढे पळाले नसतील. त्यांनी जाऊन त्या माणसाचं मनगट धरलं.

"तू मला फोन करतोयस," काका गर्जले.

डिशवाला दचकला. त्याने पुठ्ठा वाचला, हातातल्या फोनकडे बघितलं, पुन्हा पुठ्ठा वाचला. त्याचा अंगठा 'ग्राहक घरी नाही' या बटणाच्या अगदी जवळ होता आणि ते काकांनी बघितलं, हे त्यालाही कळलं.

"आम्हाला नाव, पत्ता, नंबर एवढंच दिसतं हो काका," तो म्हणाला. मग काकांना ऐकू येत नाही हे आठवून त्याने तेच मोबाइलवर टाइप करून दाखवलं. खाली आणखी एक ओळ लिहिली, "दिवसाला नऊ घरं. गुडघे गेलेत."

काकांनी वाचलं आणि त्याची पेटी उचलली. "चल. हळू चढ."

तबकडी गच्चीवर बसली, तार खिडकीतून खोलीत आली, आणि मग खरी अडचण निघाली. डिशवाला गच्चीवर तबकडी केसभर फिरवतो आणि ओरडतो, "आलं का?" खोलीतल्या माणसाने टीव्हीकडे बघून ओरडायचं, "आलं," नाहीतर "गेलं." या धंद्यात हेच चालतं. इथे काका ओरडले असते, पण वरचा प्रश्न त्यांना कसा कळणार? डिशवाला दोनदा जिना उतरला आणि तिसऱ्यांदा पायरीवरच गुडघा धरून बसला. पाच वाजून गेले होते. तेव्हा काकांनी शिवणीचा मेण लावलेला दोरा काढला, एक टोक डिशवाल्याच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं खिडकीतून आत घेतलं. त्याने ओढलं की विचारलं. काकांनी एकदा ओढलं की आलं, दोनदा ओढलं की गेलं. वीस मिनिटं दोघं कोळ्यांसारखे दोरा ओढत होते, आणि पावणेसहाला पडद्यावर स्वच्छ चित्र उमटलं. काकांनी एवढ्या जोरात ओढलं की वर डिशवाल्याने शिवी दिली. काकांना ती ऐकू आली नाही.

डिशवाला खाली आला, रिमोट दाबत राहिला आणि त्याने टाइप केलं, "आवाज येत नाही. टीव्हीचा स्पीकर गेलाय. वेगळा माणूस लागेल, वेगळी वेळ घ्यावी लागेल."

काका वाचून इतके हसले की खोकला आला. "आवाज कुणाला हवाय?"

सहाला सलूनवाला दुकान गिऱ्हाइकावर सोडून वर आला. डिशवाल्यालाही काकांनी बसवून घेतलं. बातम्या सुरू झाल्या आणि कोपऱ्यात, पुस्तकाच्या पानाएवढ्या चौकटीत, मुलगी उभी होती. काळे कपडे, मान ताठ, आईसारखी.

"काय म्हणतेय ती?" सलूनवाल्याने काकांच्या दंडाला हात लावून, ओठ सावकाश हलवून विचारलं.

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. कुठे पाणी कमी, कुठे शाळा लांबल्या, कुठल्या कारखान्यात काय झालं. दोन ऐकणारी माणसं एका बहिऱ्या माणसाच्या तोंडून बातम्या ऐकत बसली होती आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. मुलीचे हात भराभर चालत होते. काकांचा ऊर भरून आला होता, पण डोळा मात्र तिच्या करंगळीवरच होता.

मग नव्या पुलाची बातमी आली. पूल उद्यापासून खुला होणार, हे काकांनी सकाळीच पेपरात वाचलं होतं. मुलीने पूल दाखवला, आणि तिच्या हातांनी तो बंद केला. क्षणभर तिची बोटं हवेत थांबली. तिलाही कळलं होतं, पण पुढची बातमी सुरू झाली होती.

"पुलाचं काय?" डिशवाल्याने हाताने कमान करून विचारलं. त्याचा रोजचा रस्ता तिकडून होता.

"उद्यापासून उघडतोय," काका म्हणाले.

"तिने असं सांगितलं?"

ओठांवरून काकांना ते कळलं. "तसंच सांगितलं."

सव्वासहाला मुलीचा मेसेज आला. "बाबा, दिसलं का? सगळ्या चुका सांगा. पुलाचं उलटं झालं ना?"

काकांनी लिहायला घेतलं, "दोन्ही तळवे बाहेर वळवायला हवे होते." ते पुसलं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, "पुलाच्या वेळी चित्र गेलं होतं. या डिशवाल्यांचा काही भरवसा नाही. बाकी सगळं बघितलं. एकही चूक नव्हती."

डिशवाल्याने ते खांद्यावरून वाचलं आणि हसून आपली पेटी उचलली.